जुन्या मैदानाचं पान

१९९५ साली मँचेस्टरच्या मॉस साइड भागातल्या फुटबॉल मैदानात प्रेक्षकांसाठी एक तीन मजली स्टँड उभा राहिला. खर्च साधारण १ कोटी ६० लाख पौंड. इंग्लंडमधल्या तेव्हाच्या सर्वांत उंच स्टँडांमध्ये त्याची गणना व्हायची. आठ हंगाम लोक त्यात बसले आणि मग तो पाडून टाकला. त्याला भेगा पडल्या नव्हत्या, पाया खचला नव्हता, धोकादायक असल्याची कुणाची तक्रारही नव्हती. ज्या क्लबसाठी तो बांधला होता तो क्लब शहराच्या दुसऱ्या भागात राहायला गेला होता, एवढंच.

क्लबचं नाव मँचेस्टर सिटी आणि मैदानाचं नाव मेन रोड. १९२३ ते २००३, बरोबर ऐंशी वर्षं. मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पाहिलं ते टीव्हीवर, तेही शेवटच्या काही वर्षांतलं. त्यामुळे 'माझं बालपण त्या पायऱ्यांवर गेलं' छापाचं काही माझ्याजवळ नाही, आणि ते नाही हे या विषयापुरतं बरंच म्हणायचं. जुनं मैदान पाडायचं की राखायचं हा वाद निघाला की तो हमखास आठवणींवर घसरतो. एक बाजू गहिवरते, दुसरी बाजू जमाखर्च मांडते, आणि दोघांच्या मधून करारावर सह्या होऊन जातात. माझं म्हणणं त्या कराराबद्दल आहे. सरकारी पैशातून नवं स्टेडियम उभं राहतं तेव्हा जुनं मैदान ज्या वस्तीत होतं तिच्या वाट्याला काय, हे त्याच कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. मेन रोडच्या बाबतीत ते लिहिलं गेलं नाही.

आधी हे मैदान मॉस साइडला आलं कसं ते पाहू. सिटीचा जन्म पूर्व मँचेस्टरमधला, १८८० सालचा, वेस्ट गॉर्टनच्या एका चर्चच्या संघातून झालेला. रेल्वेरुळांच्या कुशीतलं हाइड रोडचं मैदान त्यांना अपुरं पडत होतं. १९२० मध्ये तिथला मुख्य स्टँड जळाला आणि स्थलांतर टाळण्यासारखं उरलं नाही. चाहत्यांचं मन पूर्वेकडेच, बेल व्ह्यूच्या जागेवर होतं. पण ती जागा फक्त आठ एकर आणि भाडेकरार पन्नास वर्षांचा. क्लबला मोठा पसारा हवा होता. म्हणून मॉस साइडमधली, विटांसाठी माती काढून झालेली सोळा एकरांची जमीन घेतली. हाइड रोडच्या एका स्टँडचं छप्पर हॅलिफॅक्स टाउननं विकत नेलं. म्हणजे २००३ साली 'क्लबनं आपलं माहेर सोडलं' म्हणून डोळे पुसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की मेन रोड हे माहेर नव्हतं, सासर होतं. पूर्व मँचेस्टरमधली माणसं तर म्हणाली की पोर ऐंशी वर्षांनी घरी आली. त्यांचंही चुकलं नाही.

रस्त्याच्या नावाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. तो आधी डॉग केनेल लेन होता. अमेरिकेतल्या मेन राज्यानं १८५१ साली दारूबंदीचा कायदा केला, त्याच्या सन्मानार्थ इथल्या दारूबंदीवाल्यांनी रस्त्याचं नाव बदलून घेतलं. त्याच रस्त्यावर पुढे ऐंशी वर्षं दर शनिवारी बिअर किती रिचवली गेली याचा हिशेब कोण ठेवणार!

मैदान बांधायला १ लाख पौंड लागले. २५ ऑगस्ट १९२३ रोजी शेफील्ड युनायटेडविरुद्ध पहिला सामना झाला, सिटीनं २-१ असा जिंकला. त्या काळी लंडनच्या भव्य वेम्बली स्टेडियमवरून त्याला 'उत्तरेचं वेम्बली' म्हणत, आणि ती बढाई नव्हती. ३ मार्च १९३४ रोजी एफए कपच्या सामन्यात स्टोक सिटीविरुद्ध तिथं ८४,५६९ माणसं जमली. इंग्लंडमध्ये एखाद्या क्लबच्या स्वतःच्या मैदानावर एवढी गर्दी त्याआधी झाली नव्हती आणि त्यानंतरही झालेली नाही. आजूबाजूला लाल विटांच्या, एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या रांगा, दोन रांगांच्या मधून जेमतेम एक हातगाडी जाईल एवढी बोळं. तिथून चौऱ्याऐंशी हजार माणसं आली आणि गेली. मैदान क्लबचं होतं खरं. पण ही माणसं ज्या रस्त्यांवरून आली, ज्यांच्या दारांवरून गेली, ज्यांच्या भिंतींच्या आडोशाला थांबली, ते सगळं क्लबचं नव्हतं. ते वस्तीचं होतं, आणि त्याचं भाडं कुणी कधी दिलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४१ मध्ये, बॉम्बहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्ड, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या क्लबचं, मँचेस्टर युनायटेडचं मैदान, उद्ध्वस्त झालं. तेव्हापासून १९४९ पर्यंत युनायटेड सिटीकडे भाडेकरू म्हणून मेन रोडवर खेळलं. इंग्लंडच्या लीग फुटबॉलमधल्या सर्वांत मोठ्या गर्दीचा विक्रम, ८३,२६०, त्यामुळेच मेन रोडवरचा आहे आणि युनायटेडच्या नावावर आहे. पुढे १९५६ मध्ये युनायटेडला युरोपीय कपचे रात्रीचे सामने खेळायचे होते आणि ओल्ड ट्रॅफर्डला फ्लडलाइट नव्हते, तेव्हाही शेजाऱ्याचंच अंगण कामाला आलं. बेल्जियमच्या अँडरलेख्तला त्यांनी १०-० असं धुतलं ते याच अंगणात.

आणि ट्राउटमन. जर्मन छत्रीसैनिक, इंग्लंडमध्ये युद्धकैदी म्हणून आलेला, तिथंच राहिलेला. १९४९ मध्ये सिटीनं त्याला गोलरक्षक म्हणून घेतलं तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. मँचेस्टरमधला ज्यू समाज मोठा. युद्ध संपून चारच वर्षं झालेली. ज्यांचे आईवडील नाझींनी मारले होते त्या रब्बी अलेक्झांडर आल्टमन यांनी जाहीर पत्र लिहून या एका माणसाला त्याच्या देशाच्या गुन्ह्याची शिक्षा देऊ नका असं सांगितलं. ट्राउटमन १९६४ पर्यंत खेळला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. एखादं मैदान 'सार्वजनिक' होतं म्हणजे काय होतं याचं मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही. सातबारा कुणाच्याही नावावर असो, तिथं एका शहरानं स्वतःशी एक भांडण मांडलं आणि मिटवलं.

आता किपॅक्स. बहुतेक इंग्लिश मैदानांत उभ्यानं सामना पाहणाऱ्यांच्या पायऱ्या, म्हणजे टेरेस, गोलपोस्टच्या मागे असायच्या. मेन रोडवर ती, म्हणजे किपॅक्स, मैदानाच्या लांब बाजूला होती, थेट मधल्या रेषेसमोर. सर्वांत स्वस्त तिकिटाला सर्वांत चांगली जागा! संचालक मंडळ समोरच्या खुर्च्यांत बसायचं आणि नव्वद मिनिटं समोरून जे ऐकू येईल ते ऐकून घ्यायचं. माझ्या मते त्या मैदानातली सर्वांत लोकशाही गोष्ट हीच होती, आणि ती कुणी ठरवून केलेली नव्हती.

पण ती टिकणार नव्हती. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात टेरेसवर चेंगरून लिव्हरपूलच्या चाहत्यांचे जीव गेले. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानंतर वरच्या श्रेणीतल्या मैदानांत सगळ्यांना खुर्च्या बंधनकारक झाल्या. टेरेसवर मरण चाहत्यांच्या गुन्ह्यानं आलं नव्हतं, ढिसाळ व्यवस्थेनं आणि पोलिसांच्या चुकीनं आलं होतं. तरीही 'जुनं ते सगळं तसंच ठेवा' म्हणणाऱ्यांबरोबर मी इथं जाऊ शकत नाही. ३० एप्रिल १९९४ रोजी चेल्सीविरुद्ध किपॅक्सवर लोक शेवटचे उभे राहिले, मग ती तोडली आणि सुरुवातीला सांगितलेला तीन मजली स्टँड तिथं आला.

तोवर मैदानाची गोधडी झाली होती. चार बाजू वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या डोक्यांनी, जमेल तशा बांधलेल्या. एकाची उंची दुसऱ्याला जुळत नव्हती. एका कोपऱ्यात मोकळ्या आभाळाखाली तात्पुरत्या खुर्च्या टाकलेल्या होत्या. पावसात गात नाचणाऱ्या हॉलिवूडच्या नटाच्या नावावरून चाहते त्याला 'जीन केली स्टँड' म्हणायचे. मँचेस्टरच्या पावसात दोन तास भिजत संघ हरताना पाहणाऱ्यांनाच असली नावं सुचतात. आणि संघ हरत होता, भरपूर हरत होता. १९९८-९९ मध्ये सिटी तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडली. त्या हंगामातही मेन रोडवर सरासरी २८ हजारांहून जास्त लोक येत होते. आज जगातल्या श्रीमंत क्लबांत गणल्या जाणाऱ्या सिटीकडे तेव्हा दाखवण्यासारखी मालमत्ता म्हणजे ही माणसं.

त्याच सुमारास महापालिकेची अडचण वेगळी होती. मँचेस्टरनं ऑलिंपिकसाठी प्रयत्न करून पाहिला होता, २००० चं ऑलिंपिक सिडनीला गेलं. मग २००२ चे राष्ट्रकुल खेळ मिळाले. त्यासाठी पूर्व मँचेस्टरमध्ये, बंद पडलेल्या ब्रॅडफर्ड कोळसा खाणीच्या जागेवर, स्टेडियम बांधायचं ठरलं. खर्च सुमारे ११ कोटी २० लाख पौंड, त्यातला मोठा वाटा राष्ट्रीय लॉटरीचा, उरलेला महापालिकेचा. खेळ दहा-बारा दिवसांचे. नंतर त्या वास्तूचा पांढरा हत्ती होऊ नये ही धास्ती रास्त होती, आणि त्यावर उपाय म्हणजे फुटबॉलचा क्लब. १९९९ मध्ये सिटीशी करार झाला. खेळ संपल्यावर धावपट्टी उखडली, जमीन आणखी खणून खुर्च्यांचा एक थर खाली बसवला. या फेरबदलांवर महापालिकेनं सुमारे २ कोटी २० लाख आणि आतल्या सजावटीवर क्लबनं सुमारे २ कोटी पौंड घातले. क्लबला २५० वर्षांचा भाडेपट्टा मिळाला. बदल्यात मेन रोड महापालिकेच्या ताब्यात गेलं.

या करारातली एक अट मला फार आवडते. भाडं ठरवताना मोजपट्टी म्हणून मेन रोडच वापरलं होतं: जुन्या मैदानाच्या क्षमतेपेक्षा, म्हणजे चौतीस-पस्तीस हजारांपेक्षा, जेवढे जास्त प्रेक्षक नव्या मैदानात येतील त्यांच्या तिकिटांच्या उत्पन्नात महापालिकेचा वाटा. २०११ मध्ये ही पद्धत बदलून ठरावीक रक्कम आली, ते असो. पण तर्क बघा. स्थलांतरामुळे जी जादा कमाई होईल तिच्यावर सार्वजनिक हक्क आहे, हे दोन्ही पक्षांनी लेखी मान्य केलं होतं. तत्त्व मान्य झालं, सूत्र ठरलं, वसुलीही झाली. मग त्या जादा कमाईतला थोडा भाग, समजा पंधरा वर्षं, मॉस साइडला द्यायला काय हरकत होती? ज्या वस्तीतून गर्दी उचलून नेली तिच्यासाठी त्या सूत्रात एक ओळ वाढली असती, तर कुणाचं दिवाळं निघालं नसतं.

त्याऐवजी काय झालं? ११ मे २००३ रोजी शेवटचा सामना झाला. साउदॅम्प्टननं सिटीला १-० हरवलं. (सिटीचा त्या मैदानावरचा शेवटचा गोल तीन आठवडे आधी मार्क-व्हिव्हियन फोएनं केला होता, जूनमध्ये तो कॅमेरूनकडून खेळताना मैदानातच कोसळला आणि गेला. क्लबनं त्याचा २३ नंबर कायमचा बाजूला ठेवला.) जुलैमध्ये मैदानातल्या सामानसुमानाचा लिलाव झाला. लोकांनी आपापल्या आठवणी विकत घेतल्या, १ लाख पौंड जमले आणि ते मॉस साइडमधल्या स्थानिक उपक्रमांना देण्यात आले. १ लाख पौंड! १९२३ मध्ये अख्खं मैदान जेवढ्यात बांधलं तेवढीच रक्कम, ऐंशी वर्षांची महागाई मधे घालून. आणि तीही क्लबच्या किंवा महापालिकेच्या तिजोरीतून आलेली नाही, चाहत्यांच्या खिशातून आलेली.

स्टॉकपोर्ट काउंटीला किंवा रग्बीच्या एखाद्या क्लबला तिथं आणायची बोलणी झाली, फिसकटली. मैदान पाडलं. जागा बराच काळ मोकळी पडून राहिली आणि मग तिथं ४७४ घरांची वसाहत आली. तिथल्या एका रस्त्याचं नाव ब्लू मून वे आहे, चाहत्यांच्या गाण्यावरून.

इथं एक आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. घरं झाली, मग तक्रार कसली? शहराला घरांची गरज असते, दर पंधरा दिवसांनी दोन तास वापरात येणाऱ्या मैदानाची नसते. शिवाय वस्तीतल्या किती जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल! सामन्याच्या दिवशी स्वतःच्या दारासमोर गाडी लावता येत नाही, बोळात मुतारी होते, पोलिसांचे घोडे खिडकीखालून जातात, रात्री अकरापर्यंत आरडाओरडा. हे सगळं खरं आहे. मॉस साइड काही फुटबॉलवेड्यांची वाडी नव्हती. १९५० नंतर कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांनी वसवलेला, १९८१ ची दंगल पाहिलेला, बेकारीनं आणि पुढे टोळ्यांच्या गोळीबारानं बदनाम झालेला तो भाग. तिथल्या अनेक घरांना मैदानाशी काही देणंघेणं नव्हतं.

पण हा आक्षेप माझ्याच बाजूनं साक्ष देतो. ज्यांना मैदानाचा आनंद नव्हता त्यांनी नुसता त्रास सोसला, तोही तीन-तीन पिढ्या. मग निघताना त्यांचा हिशेब आधी व्हायला हवा होता. आणि ज्यांचं पोट थोडंफार त्यावर चालायचं त्यांचं काय? कोपऱ्यावरचे पब, फिश अँड चिप्सची दुकानं, सामन्याची पत्रिका विकणारे. 'गाडीवर लक्ष ठेवू का, साहेब?' असं विचारत एका पौंडासाठी पार्किंगभोवती घुटमळणारी ती प्रसिद्ध पोरं. पैसे नाही दिले तर आरशाचं काय होईल ते सांगता येत नाही, हा त्या प्रश्नातला गर्भितार्थ सगळ्यांना कळायचा. हसण्यावारी नेलं तरी ती त्या वस्तीनं मैदानाकडून परस्पर वसूल केलेली एकमेव पट्टी होती. गिरणी बंद पडते तेव्हा निदान गिरणी कामगारांची यादी तरी असते. मैदान गेलं की त्याच्या आसऱ्यानं जगणाऱ्यांची यादीच नसते, म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्न कुणाला पडत नाही.

आणि घरांबद्दल बोलायचं तर घरं हा पर्यायांपैकी चांगला पर्याय आहे, मला मान्य आहे. बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर १९४६ मध्ये चेंगराचेंगरीत ३३ माणसं मेली होती. तिथं आज सुपरमार्केट आहे आणि मृतांच्या नावाची पाटी त्याच्या भिंतीवर. आर्सेनलचं हायबरी ७११ फ्लॅटांचं संकुल झालं, जुना दर्शनी भाग राखून आणि खेळपट्टीची बाग करून. देखणं आहे, पण ती बाग बघायला खिशात काय हवं ते वेगळं सांगायला नको. सन्डरलंडच्या रोकर पार्कवरच्या गल्ल्यांना प्रमोशन क्लोज, गोलमाउथ क्लोज अशी नावं दिली, म्हणजे पत्त्यापुरतं फुटबॉल. मला त्यातल्या त्यात भावतं मिडल्सबरोचं एअरसम पार्क. तिथंही घरंच आली, पण १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाच्या पाक दू-इकनं जिथून इटलीवर गोल मारला, त्या जागी घरांपुढच्या हिरवळीत बुटाच्या खुणांचा एक लहानसा ब्राँझचा ठसा बसवला आहे. ज्याला माहीत आहे तो थांबतो, बाकीचे गवत कापून पुढे जातात.

स्मरण हे असं असावं. पण स्मरण म्हणजे हिशेब नव्हे, आणि क्लब नेमके पहिल्यावर दुसरं भागवतात: पाटी, रस्त्याचं नाव, फार तर एक भित्तिचित्र. मॉस साइडला पाटी नको होती. तिला ग्लासगोच्या कॅथकिन पार्कसारखं काही मिळालं असतं तरी चाललं असतं. थर्ड लॅनार्क नावाचा जुना क्लब १९६७ मध्ये बुडाला, मैदान पालिकेनं सार्वजनिक बाग म्हणून राखलं. तीन बाजूंच्या पायऱ्या अजून आहेत, त्यांतून झाडं वर आली आहेत, लोखंडी कठडे आहेत, आणि मधे कुणीही येऊन फुटबॉल खेळतं. क्लब दिवाळखोरीत गेला म्हणून लोकांना मैदान मिळालं. जिथं क्लब श्रीमंत झाला तिथं मिळालं नाही, ही गंमत कुणी समजावून सांगितली तर बरं होईल.

पूर्व मँचेस्टरला काय मिळालं ते सगळ्या जगाला दिसतं. २००८ मध्ये अबू धाबीचा पैसा आला, २०१४ मध्ये ऐंशी एकरांची अकादमी आली, २०२४ मध्ये शेजारी मोठं संगीत-सभागृह आलं. खाणी बंद पडून ओसाड झालेल्या भागात हे घडलं याचं मला कौतुकच आहे. महापालिकेनं पैसा चुकीच्या ठिकाणी घातला असं मी म्हणत नाही. एका गरीब भागाला उभं करताना दुसऱ्या गरीब भागातून काय उचललं याची नोंद ठेवली नाही, असं म्हणतो.

हे आज उकरून काढायचं कारण शिळं नाही. एव्हर्टनच्या पुरुष संघानं मे २०२५ मध्ये १८९२ पासूनचं गुडिसन पार्क सोडलं. शेवटचा सामना पुन्हा साउदॅम्प्टनशीच, या वेळी साउदॅम्प्टन हरलं. गुडिसन पाडायचं आधी जवळपास ठरलेलं होतं. आयत्या वेळी ते महिला संघाला देण्यात आलं. फुटपाथ, पब, दुकानं, सगळ्यांना निदान एक धागा उरला. आणि मार्च २०२५ मध्ये खुद्द मँचेस्टर युनायटेडनं एक लाख आसनांचं, सुमारे २ अब्ज पौंडांचं नवं स्टेडियम ओल्ड ट्रॅफर्डच्या शेजारीच बांधायचं जाहीर केलं. भोवतालच्या परिसराच्या पुनर्विकासाला सरकारनं पाठिंबा दिला आहे. म्हणजे सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक जमीन पुन्हा टेबलावर येणार. या वेळी स्थलांतर शेजारीच आहे, म्हणून प्रश्न सुटला असं समजू नये. १९१० पासूनच्या त्या जागेचं काय, बांधकामाची वर्षं कुणाच्या दारात जाणार, जादा पंचवीस-तीस हजार प्रेक्षकांची कमाई आणि उपद्रव यांची वाटणी कशी, हे सगळं आहेच.

प्रसिद्ध झालेल्या चित्रांत तीन उंच मनोरे आहेत, त्यांवर ताणलेलं भलंमोठं छत आहे आणि त्याखाली हसरी गर्दी आहे. ट्रॅफर्डच्या नगरसेवकांपुढे करार येईल तेव्हा चित्रं बाजूला ठेवून त्यांनी एवढंच विचारावं: जुन्या मैदानाचं पान कितवं?